सहीचा माणूस कुठे बसतो?

लंडनच्या मॅकमिलन या प्रकाशन संस्थेत पार्सलं बांधायच्या खोलीत बरीच वर्षं एक आकृती टांगलेली असायची. पुस्तकांच्या गठ्ठ्याला दोरी कशी गुंडाळायची आणि गाठ नेमकी कुठे मारायची, हे दाखवणारी. ती काढून पाठवली होती एका लेखकाने. ऑक्सफर्डला गणित शिकवणारे चार्ल्स डॉजसन, म्हणजे आपल्याला 'ॲलिस'मुळे माहीत असलेले ल्युइस कॅरल. लेखकाने प्रकाशकाला पार्सल कसं बांधायचं ते शिकवावं आणि प्रकाशकाने ते निमूट भिंतीवर लावावं! आज इंटरनेटवरून स्वतःचं पुस्तक काढणाऱ्या कुणालाही ही गोष्ट सांगून पाहा, तो आधी हसेल आणि मग तुम्हाला त्याच्या बंद झालेल्या 'तिकिटां'ची कहाणी ऐकवेल. तिकीट म्हणजे तक्रारीचा नंबर बरं का, नाटकाचं नव्हे.

गेले काही महिने मी या विषयावर मिळेल ते वाचते आहे. कारण पुढे येईलच. (घरच्यांना ते ठाऊक आहे, त्यांनी जरा दम धरावा.) डोक्यात प्रश्न एकच होता: लेखक स्वतः पैसे मोजून पुस्तक काढतो तेव्हा त्याचं गाऱ्हाणं कोण ऐकतो? आणि ऐकणारा कधीपासून गायब झाला?

तर कॅरल. या माणसाचा मॅकमिलनशी पत्रव्यवहार तीस वर्षांहून जास्त चालला. कागद, बांधणीच्या कापडाचा रंग, किंमत, जाहिरात, अशा सगळ्या गोष्टींवर त्यांची मतं असायची आणि ती पत्राने कळवली जायची. मधूनच अमुक नाटकाची तिकिटं काढून ठेवा, असंही काम असायचं. प्रकाशकाने हे का चालवून घेतलं? कॅरल पुढे प्रसिद्ध झाले म्हणून, असं वाटेल. पण मूळ कारण करारात आहे. छपाईचा, चित्रांचा, बांधणीचा, जाहिरातीचा सगळा खर्च लेखकाचा. मॅकमिलनचं काम पुस्तक बाजारात नेऊन विकायचं आणि त्याबद्दल दलाली घ्यायची. म्हणजे आजच्या भाषेत 'ॲलिस' हे स्वप्रकाशित पुस्तक! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुन्हा एकदा खात्री करून घेतली होती.

१८६५ साली ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रेसमध्ये पहिल्या २,००० प्रती छापून झाल्या. जुलैमध्ये चित्रकार जॉन टेनियल यांनी कळवलं, की चित्रांची छपाई त्यांना बिलकुल पसंत नाही. कॅरल तेव्हा कुणी नव्हते. लहान मुलांसाठी पहिलंच पुस्तक काढणारा एक मास्तर, एवढीच ओळख. तरी त्यांनी ती आवृत्ती थांबवली, ओळखीपाळखीत वाटलेल्या प्रतीसुद्धा परत मागवल्या आणि रिचर्ड क्ले यांच्या छापखान्यात पुस्तक नव्याने छापून घेतलं. भुर्दंड अर्थात त्यांच्याच खिशाला. नोव्हेंबरात नवी आवृत्ती आली, तिच्यावर साल होतं १८६६. नको असलेले फर्मे न्यू यॉर्कच्या ॲपलटनला विकून टाकले. (अमेरिकेत काहीही खपेल असा तेव्हा इंग्लंडात समज असावा.) पुढे १८८९ मध्ये लहानग्यांसाठी 'नर्सरी ॲलिस' काढताना त्यांनी १०,००० प्रतींची पहिली छपाई परत पाठवली, कारण चित्रांचे रंग फार भडक आले होते. १८९३ मध्ये 'थ्रू द लुकिंग ग्लास'च्या एका छपाईतही चित्रं नीट उठली नाहीत म्हणून ते अडून बसले.

मॅकमिलन मंडळी काही साधुसंत नव्हती, पक्के व्यापारी होते. पण अलेक्झांडर मॅकमिलनना पत्र लिहिलं की ते अलेक्झांडर मॅकमिलनच वाचत, आणि छपाई थांबवायची की नाही हे ठरवायचा अधिकार त्यांना असे. आपल्या सरकारी ऑफिसांत ज्याला 'सहीचा माणूस' म्हणतात ना, तो तिथे होता. त्याचं टेबल माहीत होतं.

जुनं ते सगळं सोनं, असं मात्र मुळीच म्हणायचं नाही. अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरोची काय गत झाली पाहा. त्याचं पहिलं पुस्तक, काँकर्ड आणि मेरिमॅक नद्यांवरच्या एका आठवड्याच्या सफरीचं, १८४९ मध्ये बोस्टनच्या जेम्स मन्रो कंपनीने काढलं. अट अशी, की पुस्तक खपलं नाही तर छपाईचा खर्च थोरोने भरायचा. १,००० प्रती छापल्या आणि पुस्तक खपलं नाही. प्रकाशकाने ते खपवायला फारसं काही केलं असंही दिसत नाही. १८५३ च्या ऑक्टोबरात उरलेल्या ७०६ प्रती एका गाडीत भरून थोरोच्या घरी आल्या. त्याने त्या पाठीवरून जिना चढून माळ्यावर नेल्या आणि आपल्या ग्रंथसंग्रहातली बहुतेक पुस्तकं आता आपणच लिहिलेली आहेत, असा विनोद रोजनिशीत करून ठेवला. कर्ज फेडायला जमिनीची मोजणी आणि घरचा पेन्सिलींचा धंदा होता.

म्हणजे सेवा वाईट ती वाईटच. पण दोन गोष्टी माझ्या लक्षात राहिल्या. एक, प्रती परत पाठवण्याआधी प्रकाशक वर्ष दोन वर्षं थोरोला पत्रं लिहून विचारत होता, की बाबा रे, यांचं काय करू, तळघरातली जागा मला हवी आहे. उत्तर नको असलेलं होतं, पण ते थोरोसाठी लिहिलेलं होतं. आणि दुसरी गोष्ट, पुस्तकं शेवटी त्याच्या ताब्यात आली. १८६२ मध्ये टिकनर अँड फील्ड्स या प्रकाशकांनी त्या उरलेल्या प्रती विकत घेतल्या, नवं शीर्षकपान लावलं आणि बाजारात आणल्या. त्याच वर्षी थोरो गेला. माळ्यावर का होईना, त्या होत्या म्हणून हे जमलं. हा मुद्दा लक्षात ठेवा.

आपल्याकडे पदरमोड करून पुस्तक काढणं ही काही लाजिरवाणी गोष्ट कधीच नव्हती. टिळकांनी 'गीतारहस्य' १९१५ मध्ये स्वतःच प्रकाशित केलं, पुण्याच्या चित्रशाळा छापखान्यात छापून घेऊन. १९७६ मध्ये अरुण कोलटकरांचं 'जेजुरी' निघालं ते 'क्लिअरिंग हाउस'तर्फे, आणि ते हाउस म्हणजे चार कवींनी मिळून केलेला संसार. तिथे तक्रार करायची तर स्वतःकडेच! बाकी शेकडो अनामिक कवितासंग्रह, कुलवृत्तांत, तीर्थयात्रांची वर्णनं निघाली ती गावातल्या, पेठेतल्या छापखान्यांतून. खिळे जुळवणारा माणूस समोर बसलेला, गॅली हातात, शाई बोटाला. 'अहो, हा रफार पुढच्या अक्षरावर गेलाय' म्हटलं की तो चिमट्याने खिळा उचलायचा. या छापखानेवाल्यांनी लेखकांना कमी रडवलेलं नाही. दिवाळीला देतो म्हणायचे आणि होळीला द्यायचे. पण त्यांच्या दारात जाऊन बसता यायचं. मराठी माणसाचं तक्रार करण्याचं हे फार प्रभावी हत्यार आहे, नुसतं जाऊन बसणं. शेवटी समोरचाच कंटाळतो.

परदेशात मात्र विसाव्या शतकात या धंद्याने वेगळं वळण घेतलं. लेखकाच्या पैशावर आणि लेखकाच्या हौसेवर चालणाऱ्या संस्था निघाल्या, त्यांना इंग्रजीत 'व्हॅनिटी प्रेस' म्हणतात. उंबेर्तो एकोच्या 'फुकोज पेंड्युलम'मध्ये (१९८८) असली एक संस्था आहे, ज्यांनी वाचलंय त्यांना आठवेल. खऱ्या जगातली मोठी म्हणजे १९४९ मध्ये न्यू यॉर्कला सुरू झालेली व्हँटेज प्रेस. पद्धत साधारण अशी: लेखक हवेत म्हणून जाहिरात. हस्तलिखित पाठवलं की कौतुकाचं पत्र. मग करार आणि पैसे. पैसे पोचेपर्यंत उत्तरं झटपट आणि गोड, नंतर मौन. जाहिरात करू म्हणायचं आणि एखाद्या यादीत नाव छापून मोकळं व्हायचं. १९९० मध्ये न्यू यॉर्कच्या न्यायालयात व्हँटेजविरुद्ध निकाल लागला, सुमारे २,२०० लेखकांना ३५ लाख डॉलर नुकसानभरपाई द्यायची. तरी संस्था चालूच राहिली आणि २०१२ मध्ये बंद पडली.

मला इथे एक फरक दिसतो. मॅकमिलनचं पोट पुस्तकं विकून भरायचं. कॅरलचं पुस्तक वाईट छापलं गेलं तर खप घटणार आणि दलालीही घटणार, त्यामुळे दोघांचं दुखणं एकच. व्हँटेजचं पोट लेखकाच्या चेकने आधीच भरलेलं. पुस्तक विकलं गेलं काय, न गेलं काय! गाऱ्हाणं ऐकण्यात त्यांचा काडीचा फायदा नाही. हे एकदा लक्षात आलं की पुढचा सगळा इतिहास कळायला सोपा जातो.

पुढे यंत्रं बदलली. १९९० मध्ये झेरॉक्सने डॉक्युटेक नावाचं यंत्र आणलं, ज्यावर कॉम्प्युटरमधून थेट पानं छापता यायची, प्लेटा बनवायची गरज नाही. १९९७ मध्ये इन्ग्रॅम या मोठ्या पुस्तक-वितरकांनी अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात 'लाइटनिंग प्रिंट' सुरू केलं. मागणी आली की एक प्रत छापायची, इतकं सोपं. मग रांगच लागली: १९९७ मध्ये एक्सलिब्रिस, १९९९ मध्ये आययुनिव्हर्स, २००२ मध्ये लुलू. लुलू काढणारे बॉब यंग म्हणजे लिनक्सवाल्या 'रेड हॅट'चे एक संस्थापक. फाइल चढवा, मुखपृष्ठ निवडा, बटण दाबा, झालात लेखक. पैसे नाममात्र किंवा शून्य. ७०६ प्रती माळ्यावर चढवायची भीती नाही. मला आजही हा शोध फार मोठा वाटतो, हे मुद्दाम सांगून ठेवते, नाहीतर काही जण म्हणतील हिला जुन्याचाच पुळका.

या काळातला एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मेरीलँडमधली पब्लिश अमेरिका नावाची संस्था म्हणायची, आम्ही लेखकांकडून पैसे घेत नाही, आम्ही हस्तलिखितं पारखून घेतो. विज्ञानकथा लिहिणाऱ्या काही मंडळींना याची शंका होती. त्यांनी जेम्स मॅकडोनल्ड यांच्या पुढाकाराने मिळून एक जाणूनबुजून भिकार कादंबरी लिहिली, 'अटलांटा नाइट्स'. तिच्यात चौथं आणि सतरावं प्रकरण शब्दशः तेच, बाराव्या क्रमांकाची प्रकरणं दोन, एकविसावं गायब, आणि चौतिसावं चक्क कॉम्प्युटर प्रोग्रॅमने आधीच्या मजकुराची खिचडी करून बनवलेलं. २००४ च्या डिसेंबरात ही कादंबरी स्वीकारली गेली! जानेवारीत लेखकांनी भांडं फोडल्यावर संस्थेने प्रस्ताव मागे घेतला. मग मंडळींनी ती लुलूवर छापून विकली. वाचून मी खूप हसले, पण मुद्दा गंभीर आहे. हस्तलिखित कुणी वाचतच नसेल, तर नंतर त्यातली चूक दाखवणारं पत्र तरी कोण वाचणार?

यानंतर आले मोठे मासे. २००७ मध्ये ऑथर सोल्यूशन्स नावाच्या छत्राखाली ऑथरहाउस आणि आययुनिव्हर्स आले, २००९ मध्ये ट्रॅफर्ड आणि एक्सलिब्रिसही. फोनवर बोलणारी बरीचशी फौज फिलिपाइन्समधल्या सेबू शहरात होती. २०१२ च्या जुलैत हा सगळा पसारा पेंग्विनच्या मालकांनी, म्हणजे पिअर्सनने, ११.६ कोटी डॉलरला विकत घेतला. २०१३ मध्ये तो भारतातही पोचला, 'पार्ट्रिज' या नावाने, पेंग्विन इंडियाच्या साथीने. पेंग्विनचा पक्षी लहानपणापासून पुस्तकांच्या पाठीवर पाहिलेला, त्यामुळे अनेकांना वाटलं असणार, चला, आता आपलं माणूस आलं.

त्याच वर्षी न्यू यॉर्कच्या फेडरल कोर्टात काही लेखकांनी ऑथर सोल्यूशन्सवर दावा लावला. तक्रारीतला एक आरोप मला फार बोलका वाटला: पुस्तकात चुका कंपनीकडूनच होतात, आणि त्या दुरुस्त करायचे पैसे मात्र लेखकाकडून मागितले जातात. कंपनीने आरोप नाकारले. २०१५ मध्ये प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं, त्यामुळे खरंखोटं ठरलंच नाही. ते वर्ष संपता संपता पेंग्विन रँडम हाउसने ही कंपनी विकून टाकली. तीन-साडेतीन वर्षांचा संसार.

बघा, या जातीच्या संस्थांमध्ये फोन उचलायला माणसं होती, भरपूर होती. पण ती विकायला बसवलेली होती. जाहिरातीचं पॅकेज घ्या, पुस्तक-मेळ्याचं पॅकेज घ्या. तुमच्या पुस्तकात पान उलटं लागलंय हे ऐकायला जो बसतो त्याला पगार कमी आणि अधिकार शून्य. आणि हेच टोकाला गेलं की काय होतं तेही पाहिलं आपण. २०२५ च्या जानेवारीत सॅन डिएगोच्या सरकारी वकिलांनी फिलिपाइन्सशी संबंधित एका टोळीवर आरोपपत्र ठेवल्याचं जाहीर केलं. आठशेहून अधिक लेखकांना, त्यातले बरेच वयस्कर, 'तुमच्या पुस्तकावर सिनेमा निघतोय' वगैरे सांगून ४.४ कोटी डॉलरना फसवल्याचा आरोप. विचार करा, ज्या म्हाताऱ्या लेखकाला वर्षभर कुणी मेलचं धड उत्तर दिलं नाही, त्याला एक दिवस फोन येतो आणि पलीकडचा माणूस त्याच्या पुस्तकाचं नाव घेऊन बोलतो. फसेल नाहीतर काय.

दुसरी जात ॲमेझॉनसारख्यांची. २००५ मध्ये त्यांनी बुकसर्ज घेतली आणि पुढे जिचं नाव क्रिएटस्पेस झालं ती कंपनीही घेतली. २००७ मध्ये किंडल आलं, त्याबरोबर लेखकांना थेट पुस्तक चढवायची सोय आली. २०१६ च्या डिसेंबरात मराठीसकट पाच भारतीय भाषांतली पुस्तकं किंडलवर आली. २०१८ मध्ये क्रिएटस्पेस किंडलच्या स्वप्रकाशन विभागात विलीन झाली. इथे लेखकाकडून पैसे घेत नाहीत, हे खरं आणि चांगलंही. मग इथे तरी दाद लवकर लागायला हवी ना? इथे हिशोब करून पाहा. समजा एका पुस्तकाच्या वर्षाला १२ प्रती खपतात आणि प्रतीमागे सेवेला ३० रुपये सुटतात. झाले ३६०. त्या लेखकाचं एक पत्र नीट वाचून, फाइल उघडून, चूक शोधून उत्तर द्यायला जाणकार माणसाचा एक तास गेला तर ते ३६० संपले. दुसरं पत्र आलं की पुस्तक तोट्यात. म्हणून आधी प्रश्नोत्तरांची पानं, मग साच्यातली उत्तरं, आणि माणूस अगदी शेवटी. कुणी दुष्ट आहे म्हणून हे होत नाही. कॅरल मॅकमिलनच्या मोजक्या लेखकांपैकी एक होते, इथे आपण लाखांतले एक आहोत.

त्यात आता यंत्रंच लिहायला लागलीत. २०२३ च्या सप्टेंबरात ॲमेझॉनला नियम करावा लागला, की एका लेखकाने एका दिवसात तीनपेक्षा जास्त नवी पुस्तकं चढवू नयेत. दिवसाला तीन! डॉ. केतकरांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढायला आयुष्य झिजवलं. या नियमात बसवून ते आठ दिवसांत झाले असते. अशा पुरात तुमचं-माझं पत्र तरंगत कुठे जात असेल, देव जाणे.

आता घरची गोष्ट.

माझे मामा पाटबंधारे खात्यात होते. निवृत्तीनंतर त्यांनी नोकरीतल्या आठवणी लिहिल्या. धरणाच्या भिंतीवरच्या पाळ्या, उठवलेली गावं, पाणीवाटपाच्या भांडणांत मध्ये पडणं. साहित्य म्हणून किती मोठं ते मला सांगता येणार नाही, पण त्यातलं कालव्याचं पाणी पहिल्यांदा सुटतं ते प्रकरण मी चार वेळा वाचलंय. २०१३ मध्ये मामेभावाने ते एका ऑनलाइन सेवेकडे दिलं. (नाव लिहीत नाही. एकाला झोडपून बाकीचे सुटतात.) मजकूर डीटीपीवाल्याकडे जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला, त्याची पीडीएफ अगदी व्यवस्थित. तिचं ई-पुस्तक करताना त्या सेवेच्या यंत्रणेत अक्षरांचे सांधे निखळले. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. हे ज्याला ठाऊक नाही त्याने फाइल फिरवली की 'शिवार'चं 'शविार' होतं, 'विहीर'ची 'वहिीर' आणि 'वर्ष'चं 'वषर्'. पानापानावर.

मामा हाडाचे सरकारी माणूस. त्यांनी तक्रारीसाठी आवक-जावक नोंदवही घातली. जावक क्रमांक १: चूक कळवली. आवक क्रमांक १: आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. जावक २: पानांची यादी पाठवली. आवक २: शुद्धलेखनाची जबाबदारी लेखकाची आहे. जावक ३: हे शुद्धलेखन नसून रूपांतरातला दोष आहे, मूळ पीडीएफ जोडली आहे. आवक ३: कृपया स्क्रीनशॉट पाठवावा. प्रत्येक उत्तराखाली नवीन नाव, आडनाव कधीच नाही. एकालाही मराठी वाचता येत नसावं, कारण दोन वेळा उत्तर आलं की तपासलं, मजकूर बरोबर दिसतो आहे. सात दिवस आपल्याकडून प्रतिसाद न आल्याने समस्या सुटली असं समजून तिकीट बंद करत आहोत, असंही एकदा आलं. तेव्हा मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ॲडमिट होते. मध्ये एक फोन मात्र आला. मामींनी घेतला. मुलगी फार गोड बोलली म्हणे, आणि दुरुस्तीचं एक पॅकेज सांगितलं.

आवक १७ आणि जावक २३ वर वही थांबली. मामा म्हणाले, "आमच्या खात्यात काम होत नसे, पण सहीचा माणूस कुठे बसतो ते शिपाई सांगायचा. इथे शिपाईच शिपायाला पत्र लिहितोय." मग ते साताऱ्याच्या एका छापखान्यात गेले, मालकासमोर बसून मुद्रितं तपासली, १५० प्रती छापल्या आणि नातेवाइकांत वाटल्या. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे ती प्रत असेल.

२०१९ मध्ये मामा गेले. ई-पुस्तक अजून विक्रीला आहे, त्याच मोडक्या अक्षरांत. मागच्या वर्षी परदेशातल्या नातवाने ते हौसेने विकत घेतलं. तो मराठी हळूहळू, अक्षर लावून वाचतो. त्याने मामींना विचारलं, की आजोबांना शुद्धलेखन येत नव्हतं का? मामा आम्हा भाचरांच्या पत्रांत लाल पेनने वेलांट्या सुधारून पत्रं परत पाठवायचे. मामींना तो प्रश्न फार लागला. तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं आहे, ते पुस्तक तिथून काढा.

निघत नाही. खातं मामांच्या नावाचं. आत शिरायचं तर ओटीपी त्यांच्या मोबाइलवर, आणि तो नंबर २०१९ मध्येच बंद केला. मामेभावाने मृत्यूचा दाखला जोडून लिहिलं, तर उत्तर आलं, की अशी विनंती खातेदाराने आपल्या नोंदणीकृत ईमेलवरूनच करावी. त्याने पुन्हा दाखला पाठवला. पुन्हा तेच उत्तर, यावेळी नावसुद्धा नाही, नुसतं 'टीम'. दर महिन्याला मामांच्या जुन्या मेलवर हिशोबाचं पत्रक मात्र बिनचूक येतं. मेलचा पासवर्ड कुणालाच माहीत नाही, पण मामांच्या टॅबवर तो उघडाच राहिलाय, त्यामुळे मामींना ते दिसतं.

थोरोच्या ७०६ प्रतींची गोष्ट मी यासाठी सांगितली. त्या परत आल्या, आणि त्याच्या होत्या. हे पुस्तक परत येत नाही, आणि ते नेमकं कुणाच्या ताब्यात आहे तेही धड सांगता येत नाही. नाही म्हणायलाही कुणी समोर नाही. मॅकमिलनने कॅरलना किती तरी वेळा नाही म्हटलं असेल, पण नाही म्हणायला तरी माणूस लागतो.

आता मामेभावाने कंपनीच्या सरकारी नोंदणीतून तिचा अधिकृत पत्ता शोधून काढलाय. प्रत्येक कंपनीला असा एक पत्ता द्यावाच लागतो, हे कामाचं आहे, लिहून ठेवा. त्यावर कागदी पत्र पाठवायचं ठरलं. मामींना रजिस्टर ए.डी. करायचं होतं, त्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नाही. पोस्टात कळलं की २०२५ मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टातच विलीन झालंय. मग पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पाठवलं. आत मृत्यूचा दाखला, वारस असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि साताऱ्याच्या छापील पुस्तकाची एक प्रत, बरोबर अक्षरं कशी दिसतात ते कळावं म्हणून. मामींनी मामांची वही काढून त्यात नोंद केली, जावक क्रमांक २४. पोचपावती आली आहे. तिच्यावर कुणाची तरी सही आहे, पण वाचता येत नाही.

कुणाच्या ओळखीत कुणी अशा कंपनीत असेल तर कळवा.